१९६५ सालचं एक नंबरचं गाणं तुमच्यापैकी किती जणांना गुणगुणता येतं?

पाटीपेन्सिल

मिरजेचं घर विकायचं ठरलंय. त्यामुळे गेले दोन रविवार माळा आवरते आहे. पितळी डबे, आजीची सोवळ्याची घडवंची आणि कुणाचेच नसलेले तीन चष्मे निघाले. त्यांच्या खाली बाबांची एक जाडजूड वही होती. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. हिशेबाची असेल म्हणून बाजूला टाकणार होते, पण पहिल्याच पानावर लिहिलंय, 'बिनाका गीतमाला, बुधवार, रात्री ८, रेडिओ सिलोन'. म्हणजे रेडिओवरची हिंदी सिनेगाण्यांची साप्ताहिक क्रमवारी.

१९६४ ते १९६७, अशी चार वर्षं. प्रत्येक बुधवारी एक पान. तारीख, मग शेवटच्या पायदानापासून (म्हणजे नंबरापासून) पहिल्यापर्यंत गाणी, समोर सिनेमा, गायक आणि संगीतकार. त्या आठवड्यात नव्याने आलेल्या गाण्यापुढे 'न.'. जिथे ऐकू आलं नाही तिथे चक्क 'खरखर' लिहिलंय. काही पानं तर निम्मी खरखरच आहेत. पानांवर जागोजागी तांबूस डाग आहेत, ट्रंकेचा गंज लागला असावा.

आता माझे प्रश्न.

१. २९ डिसेंबर १९६५च्या पानावर वर्षाची यादी आहे. पहिल्या नंबरावर 'जिस दिल में बसा था प्यार तेरा, सहेली, मुकेश, क. आ.' (कल्याणजी-आनंदजी), त्याखाली दोन रेघा आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह. मी जुन्या गाण्यांवर वाढलेली बाई आहे, पण हे गाणं मी जन्मात ऐकलेलं नाही. हे वर्षाचं पहिलं गाणं होतं? कसं काय?

२. काही 'न.'च्या शेजारी समासात 'दि. ०-२५' असं लिहिलंय. एका ठिकाणी 'घे. ०-२५'. हे काय असावं?

३. एका पानावर फक्त तारीख आहे, २७ मे १९६४. बाकी कोरं. बाबा खरखरसुद्धा लिहून ठेवणारे होते, असं पान सोडायचे नाहीत.

आणि सगळ्यांसाठी: साठच्या दशकातलं कुठलं गाणं गीतमालेत पहिल्यांदा लागलेलं तुम्हाला आठवतंय? तेव्हा ते चढेल असं वाटलं होतं का?

बोरकूट

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर संध्याकाळी.

शून्य_प्रहर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ताई. २७ मे १९६४ बुधवारच होता. दुपारी पंडितजी (नेहरू) गेले. त्या रात्री आमच्या वाड्यात कुणी गाणी लावली नाहीत, रेडिओभोवती गर्दी होती ती बातम्यांसाठी. मी सात वर्षांचा होतो. वडील माणसं रडतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाटीपेन्सिल

अरे देवा. तारीख समोर असून माझ्या डोक्यात आलं नाही. धन्यवाद, काका. सप्टेंबर १९६५च्या दोन बुधवारीही गाण्यांऐवजी 'बातम्या' एवढंच लिहिलंय, तेव्हा युद्ध होतं हे मात्र मला कळलं होतं.

उनाड_वारा

प्रश्न बावळट वाटेल, पण हे पायदान प्रकरण नक्की ठरायचं कसं? तेव्हा स्ट्रीमिंग नव्हतं, मग मोजायचे काय?

आकडेमोड

बावळट अजिबात नाही, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

३ डिसेंबर १९५२ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर आला तर बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. ती फोडायची कुणी? मग ती स्पर्धा गुंडाळून सरळ हिट परेड केली. त्यासाठी दुकानांतून येणारे रेकॉर्डच्या खपाचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं, असं दोन्ही धरायचे. बरेच आठवडे टिकलेलं गाणं बिगुल वाजवून 'सरताज' म्हणून यादीतून सन्मानाने निवृत्त व्हायचं. वर्षाअखेर सगळ्या आठवड्यांची गोळाबेरीज.

त्यामुळे वार्षिक यादीत पहिला यायला गाणं उत्तम असून भागत नसे. ते वेळेत यायला हवं आणि तिथे ठिय्या देऊन बसायला हवं. 'जंगली' १९६१चा, पण त्याचं 'एहसान तेरा होगा' पहिलं आलं १९६२ला. 'शागिर्द' १९६७चा, त्याचं 'दिल विल प्यार व्यार' १९६८चं पहिलं. 'सहेली'च्या गाण्यालाही हाच ठिय्या फळला असणार.

खडीसाखर

'सहेली'चं गाणं मला येतं. पूर्ण येतं. आमच्या शेजारच्या काकू ते कपडे वाळत घालताना म्हणायच्या, आणि त्यांच्याकडे कपडे भरपूर असत. प्रेमभंगाचं रडगाणं आहे, मुकेश टिपेला न जाता गातो, त्यामुळे कुणालाही जमतं. ते चढायचं तेच कारण. रफीचं गाणं ऐकायचं असतं, मुकेशचं म्हणता येतं.

पण कल्याणजी-आनंदजींचीच त्याच वर्षीची 'जब जब फूल खिले' आणि 'हिमालय की गोद में' घ्या. आज त्यांची गाणी रिक्षावाल्यालाही पाठ आहेत आणि 'सहेली' गूगलून शोधावा लागतोय. म्हणून म्हणते, यादी म्हणजे त्या वेळच्या तापाचा थर्मामीटर होता. पुढे काय टिकणार ते त्यात दिसायचं नाही.

उनाड_वारा

आत्ता यूट्यूबवर ऐकलं. चाल चांगली आहे हो. पण वर्षाचं पहिलं?? प्रश्नचिन्हाला +१.

आकडेमोड

१९६० ते १९६९ची वार्षिक पहिली गाणी क्रमाने लिहितो, मग बोलू. 'जिंदगी भर नहीं भूलेगी' (बरसात की रात), 'तेरी प्यारी प्यारी सूरत को' (ससुराल), 'एहसान तेरा होगा' (जंगली), 'जो वादा किया' (ताजमहल), 'बोल राधा बोल' (संगम), 'जिस दिल में बसा था' (सहेली), 'बहारों फूल बरसाओ' (सूरज), 'सावन का महीना' (मिलन), 'दिल विल प्यार व्यार' (शागिर्द), 'कैसे रहूँ चुप' (इंतकाम).

शंकर-जयकिशन चार, लक्ष्मीकांत-प्यारेलाल शेवटची सलग तीन, रोशन दोन, कल्याणजी-आनंदजी एक.

आता नसलेली नावं बघा. नौशाद शून्य. 'मुगल-ए-आझम' १९६०चा, तरी त्या वर्षी पहिली आली रोशनची 'बरसात की रात'. सचिनदा (एस. डी. बर्मन) शून्य, 'गाईड' धरून शून्य. ओ. पी. नय्यर शून्य. मदन मोहन शून्य. गायकांत आशाबाई शून्य आणि किशोरकुमार शून्य. किशोरची लाट 'आराधना'पासूनची, ती दशक संपता संपता आली.

खडीसाखर

'गाईड'चं नाव काढलंत, आता मी थांबत नाही. १९६६ला गीतमालेत पहिलं 'बहारों फूल बरसाओ'. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कारही 'सूरज'ला, 'गाईड' नामांकनातच राहिला. साठ वर्षं होत आली, माझा राग गेलेला नाही. नवऱ्याशी भांडण झालं की अजून हा विषय निघतो. तो शंकर-जयकिशनवाला आहे.

देवरुखी_फणस

ताई, गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्रातल्या कुठल्या वरातीत बँडने 'गाईड' वाजवलाय ते सांगा. नवरा मांडवाच्या दारात आला की क्लॅरिनेटवाला डोळे मिटतो आणि 'बहारों फूल' सुरू करतो. आमच्या लग्नात बँडवाल्याला ठरलेल्यापैकी एवढं एकच गाणं नीट येत होतं. तीनदा वाजवलं.

खडीसाखर

तेच तर दुःख आहे. माझ्याही लग्नात तेच वाजलं.

मांडवीकाठ

'सूरज'चं गाणं परत एकदा ऐका, पण रफीसाहेबांकडे दुर्लक्ष करून. मागे व्हायोलिनचा ताफा जे करतोय ते ऐका. शंकर-जयकिशनचं वाद्यमेळाचं लिखाण वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा करायचे. आमचे, गोंयचे. गावातल्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली मुलं मुंबईला गेली, आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडात वाजवलं आणि मग स्टुडिओत शिरली. चिक चोकोलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, किती नावं घेऊ. चाल संगीतकाराची, पण गायकाच्या ओळीमागून दुसरीच एक सुरावट वाहत राहते ना, तो यांचा हात.

रेकॉर्डच्या चकतीवर यांची नावं नसायची. माझे एक मामा व्हायोलिन वाजवायचे. बुधवारी रेडिओ लागला की बोट वर करून म्हणायचे, "आता ऐक, हे मी." आम्हाला चाळीस व्हायोलिनं एकदम ऐकू यायची, त्यातलं मामाचं कुठलं ते देवच जाणे. पण ते बोट मी विसरलेलो नाही.

शून्य_प्रहर

थोडं अवांतर, पण मुळाशी जाणारं. हे सगळं सिलोनवर का गेलं? तर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. सिनेसंगीत त्यांना इतकं खटकलं की आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपारच झालं. मग देशाने सुया फिरवून कोलंबो लावलं. १९५७च्या ऑक्टोबरात विविधभारती आली, तोवर बुधवारची सवय हाडात मुरली होती. आणि कार्यक्रम कोलंबोचा म्हणायचे, पण अमीन सायानी तो बोलायचे मुंबईत. टेप विमानाने तिकडे जायची आणि लघुलहरींवरून आपल्याकडे परत यायची.

बोरकूट

म्हणजे पुणेकराने दार लावलं म्हणून गाणं मुंबईहून मिरजेला कोलंबोमार्गे आलं. हल्लीच्या पार्सलांचा प्रवास असाच असतो.

माझी आठवण. आमच्याकडे व्हॉल्व्हचा सेट होता. तो तापायला दोन-तीन मिनिटं लागायची, म्हणून आठला दहा कमी असतानाच लावायचा. सेटवरचा स्टेशन दाखवणारा हिरवा दिवा, म्हणजे 'डोळा', बारीक होत होत मिटला की स्टेशन नीट लागलं. भिंतीला तांब्याच्या जाळीची एरियल, तिला कुणी हात लावायचा नाही. आणि नेमकं वरच्या तीन गाण्यांच्या वेळी स्टेशन समुद्राच्या लाटेसारखं जवळ यायचं आणि दूर जायचं. तुमच्या बाबांची 'खरखर' वाचून घशात काहीतरी आलं, ताई.

उनाड_वारा

बिनाका म्हणजे टूथपेस्ट ना? आजीकडे एक प्लॅस्टिकचा इवलासा हत्ती आहे, ती म्हणते बिनाकाच्या खोक्यातून आला.

खडीसाखर

हत्ती!! माझ्याकडे जिराफ आणि बदक होतं, हत्तीसाठी मी भावाशी मारामारी केली आहे. पेस्ट संपायच्या आत नवीन आणावी म्हणून आम्ही ती बेसिनमध्ये पिळून टाकायचो. आईला वाटायचं मुलं काय दात घासतात!

देवरुखी_फणस

आमच्याकडे दोन हत्ती होते. एक विकायला आहे.

संपादक_मंडळ

प्राण्यांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. हत्तीचा व्यवहार व्यनितून (खासगी निरोपातून) करावा.

देवरुखी_फणस

बरं, मुद्द्यावर येतो. वर श्रोता संघांच्या मतांचं आलंय, त्याबद्दल एक कबुलीजबाब द्यायचा आहे. गुन्ह्याची मुदत संपली असावी.

आमच्या गावात आम्ही चौघांनी श्रोता संघ काढला होता. रबरी शिक्का, लेटरहेड, सगळं. सभासद एकतीस. त्यातले खरे चार. उरलेल्यांत मयत आजोबा, शाळेतले दोन मास्तर (त्यांना न विचारता) आणि 'कु. चंपा', जी वस्तुतः शेळी होती. प्रत्येक पोस्टकार्ड वेगळ्या शाईने आणि वेगळ्या वळणाने लिहायचं. डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर बायकी वाटतं असा आमचा शोध होता. चंपाचं मत कायम शम्मी कपूरला.

झुमरी तिलैय्याची सगळे चेष्टा करतात, की अभ्रकाच्या खाणींचं गाव आणि फर्माइशी अशा की जणू अर्धा देश तिथेच राहतो. मला कधी हसू आलं नाही. तिथेही चंपा असणार.

आकडेमोड

म्हणजे माझ्या वरच्या सगळ्या गोळाबेरजेत एक शेळी आहे.

लेस्टरची_माई

छान धागा. मी इकडे सत्तरच्या सुरुवातीला लग्न होऊन आले. गीतमाला सुटली आणि इथल्या याद्या गळ्यात पडल्या. नवऱ्याला साठच्या दशकातल्या इंग्रजी चार्टचं वेड होतं, त्यामुळे इच्छा नसताना मी त्यातली जाणकार झाले.

तुम्ही शेळीला हसताय, तर इथलं ऐका. साठच्या दशकात इंग्लंडात एकच यादी नव्हती. तीन-चार साप्ताहिकं आपापली यादी छापायची, दुकानांचे आकडे ज्याचे त्याचे. १९६३ साली बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' बाकीच्या याद्यांत पहिलं आणि 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरं. पुढे अधिकृत म्हणून धरली गेली ती नेमकी हीच यादी. म्हणून बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा संग्रह निघाला त्यात ते गाणं नाही! बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून एकच यादी करून घेतली ती १९६९पासून.

आणि तुमच्या 'सहेली'चा जुळा भाऊ इथेही आहे. १९६७ला बीटल्सचं 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना. ती रेकॉर्ड दुसऱ्या नंबरावर अडली. अडवलं कुणी? एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'ने, सहा आठवडे पहिला. तेही सोड-मला-जाऊ-दे छापाचं रडगाणं. हा माणूस जन्माने मद्रासचा आणि वाढला आमच्या लेस्टरमध्ये. इथे त्याच्याविरुद्ध बोललं की बस चुकते.

बोरकूट

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो आहे.

लेस्टरची_माई

अजून एक. नव्या एंट्रीबद्दल पाटीपेन्सिलने विचारलं होतं. इथे नवीन गाणं कधीतरी थेट पहिल्या नंबरावरच उतरायचं, कारण रेकॉर्ड निघायच्या आधीच दुकानांत मागण्या लागलेल्या. १९६२च्या जानेवारीत क्लिफ रिचर्डचं 'द यंग वन्स' तसंच आलं. आणि क्लिफ जन्माने लखनौचा! आपलं गाणं पायऱ्या चढत वर यायचं, ती मजा वेगळी. थेट पहिला आलेला म्हणजे वशिल्याचा वाटतो मला.

एक कडू आठवणही सांगते. १९६०ला इथे एक विनोदी गाणं चौथ्या नंबरापर्यंत गेलं होतं. पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेन, त्यात सेलर्स भारतीय डॉक्टरच्या नकली उच्चारात गातो. मी आले तेव्हा त्याला दहाएक वर्षं होऊन गेली होती, तरी बसस्टॉपवर पोरं माझ्याकडे बघून मान हलवत त्याच उच्चारात ते म्हणायची. यादीतून गाणं उतरतं, रस्त्यावरून उतरायला वेळ लागतो.

उनाड_वारा

माई, मग बीटल्स आपल्याकडे त्या वेळी पोचले होते का?

आकडेमोड

पोचले, फक्त शम्मी कपूरच्या अंगात. १९६५च्या 'जानवर'मधलं 'देखो अब तो किसी को नहीं है खबर' ऐका आणि मग 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' ऐका. आमच्या गावात पुष्कळांनी बीटल्स नंतर ऐकले आणि त्यांनी जयकिशनची चाल चोरली म्हणून संतापले.

पत्रावळ

सगळं हिंदी आणि इंग्रजीच चाललंय. त्याच दशकात आपलं भावगीत ऐन बहरात होतं, त्याची यादी कुणी केली? 'आपली आवड'मध्ये नावं वाचली जायची, पण पहिलं कोण, दुसरं कोण, हे कुणी मोजलं नाही.

खडीसाखर

बरं झालं मोजलं नाही. नाहीतर बाबूजी की खळेकाका यावरून माहेर तुटलं असतं.

कृष्णाकाठ

उशिरा येतोय. आम्ही कराडचे.

११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सोमवार होता. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही घरात झोपलो नाही. अंगणात गवताच्या पेंढ्या टाकून, वर सतरंज्या, आणि थंडी म्हणजे दातावर दात. छोटे धक्के चालूच होते. आधी कुत्री ओरडायची, मग भांडी वाजायची. माझ्या चुलत्यांकडे ट्रान्झिस्टर होता, तो बातम्यांसाठी उशाला असायचा.

वर्षअखेरच्या बुधवारी चुलत्यांनी सिलोन लावलं. आजी म्हणाली, "अरे, लोकं मेलीत, गाणी कसली लावतोस." चुलते काही बोलले नाहीत, आवाज बारीक केला एवढंच. आम्ही मुलं गोधडीतून सरकत सरकत जवळ गेलो. शेवटी पहिलं गाणं आलं, 'सावन का महीना'. त्यात मुकेश लताबाईंना 'शोर' नाही 'सोर' म्हणायला शिकवतात. आजीला हसू फुटलं. म्हणाली, "ह्याला तर आमच्यागत बोलता येतंय." धरणीकंपानंतर ती पहिल्यांदा हसली होती.

ते गाणं चांगलं आहे की वाईट, मला खरंच सांगता येणार नाही. ते लागलं की मला गवताचा वास येतो.

खडीसाखर

कृष्णाकाठ, _/\_

बोरकूट

काल कामात अडकलो, सविस्तर राहिलंच. पण पाटीपेन्सिलताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघितलेलं नाही. मला काहीतरी सुचतंय. ताई, ते तांबूस डाग कसे आहेत? गंजाचा डाग कडेने पसरतो. हे ठिपके किंवा बोटांचे ठसे आहेत का?

पाटीपेन्सिल

आत्ता भिंगाने बघितलं. ठसेच आहेत! दोन-तीन ठिकाणी अंगठा स्पष्ट आहे. विशेष म्हणजे १९६६च्या पावसाळ्यानंतर एकही डाग नाही, पुढची पानं स्वच्छ.

बोरकूट

मग तो कात आहे. माझ्या वडिलांची पानपट्टी होती, तो रंग मी जन्मभर धुतलाय. तुमचे बाबा पानाच्या दुकानाच्या फळीवर वही ठेवून लिहायचे. बुधवारी आठला पानपट्टीसमोर चाळीस-पन्नास माणसं उभी असायची आणि पैजा लागायच्या. आमच्याकडेही लागायच्या. नवीन गाणं आलं की, हे वर्षाचं पहिलं येणार का, बोला, चार आणे (तेच ०-२५). हिशेब वर्षाअखेर. 'दि.' म्हणजे दिले, 'घे.' म्हणजे घेतले. आईंना विचारून बघा.

देवरुखी_फणस

शेरलॉक बोरकूट.

पाटीपेन्सिल

विचारलं. आई आधी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" मग पाच मिनिटं हसत होती.

घरी रेडिओ आला तो लग्नानंतर, १९६६च्या दिवाळीला. तोवर बाबा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे उभे असायचे. डाग त्यामुळेच थांबले. पैज मात्र नंतरही चालू होती, गुरुवारी सकाळी सायकलवरून जाऊन लावून यायचे. आईला हे माहीत होतं, आणि आईला माहीत आहे हे बाबांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

काल रात्री बसून मी सगळे 'दि.' मोजले. चार वर्षांत सतरा, म्हणजे सव्वाचार रुपये गेले. आणि कुठली गाणी होती माहीत आहे? 'वो कौन थी'. 'हकीकत'. 'जहाँआरा'. 'गझल'. 'मेरा साया'. 'दुल्हन एक रात की'. सतराच्या सतरा मदन मोहन. आकडेमोड, तुमची यादी आधी वाचली असती तर बाबांचे पैसे वाचले असते. ते प्रश्नचिन्हही आता कळलं.

आकडेमोड

सतरा वेळा! आणि तो एकुलता एक 'घे.'?

पाटीपेन्सिल

तेच सांगायला आले आहे. तो १९६७चा आहे, 'सावन का महीना'. आणि त्या ओळीतला 'न.' बाबांच्या अक्षरात नाही. बाबांचा न सरळ, हा शेपटी काढलेला आहे. आईचा. बाबा त्या बुधवारी तापाने झोपले होते, वही तिने लिहिली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने चार आणे पानवाल्याकडे पाठवले ते तिनेच.

तिला म्हटलं, बाबा दर वेळी हरत होते, तरी मदन मोहनवरच का लावायचे? कांदा चिरत होती. म्हणाली, "मी पण विचारलं होतं एकदा. म्हणाले, दुसरं कोण लावतं त्याच्यावर?"

बोरकूट

ताई, वहीचे फोटो टाका. अंगठ्याचा नक्की टाका.

देवरुखी_फणस

आणि १९६४च्या पानांवर शम्मी कपूर कितवा होता तेवढं बघून सांगा. चंपाच्या घरच्यांना कळवायचं आहे.